दिवा, फुलदाणी, घड्याळ : डिझायनर वस्तूंची जडणघडण

घरसजावटीच्या ज्या वस्तूंना आज ‘डिझायनर’ म्हटले जाते, त्या दिव्यांचा, फुलदाण्यांचा, भिंतीवरच्या घड्याळांचा, किटल्यांचा आणि शोभेच्या भांड्यांचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. सुंदर वस्तू त्याआधीही घराघरांत होत्याच. पण त्या कारागिराच्या, त्याच्या घराण्याच्या किंवा गावाच्या नावाने ओळखल्या जात, आणि जो घडवी त्यालाच वस्तू कशी दिसावी हे ठरवायचे असे. कारखाने आले तेव्हा हे काम वाटले गेले. कागदावर रेखाटणारा एक, साचा करणारा दुसरा, यंत्रावर उभा राहणारा तिसरा आणि दुकानात मांडणारा चौथा. डिझायनर हा या वाटणीतून जन्मलेला व्यवसाय आहे. गेल्या शंभर वर्षांतल्या ज्या वस्तू अजून बनतात आणि विकल्या जातात, त्यांच्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट सारखी दिसते : रेखाटणारा माणूस भट्टीच्या, साच्याच्या किंवा वापरणाऱ्याच्या जितका जवळ गेला, तितकी ती वस्तू जास्त टिकली.

ही वाटणी किती अवघड होती हे जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत प्रथम कळले. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली वायमार येथे ही शाळा सुरू केली. कलावंत आणि कारागीर यांना एका छपराखाली शिकवायचे आणि पुढे यंत्रयुगाला साजेशा वस्तू घडवायच्या, असा तिचा हेतू. तिथल्या धातूच्या कार्यशाळेत मारियान ब्रांट या विद्यार्थिनीने १९२४ साली चहाचा अर्क काढण्याची एक चिमुकली किटली केली. पोट अर्धगोल, झाकण वर्तुळाकार, बैठक एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांची आणि मूठ काळ्या आबनुसाची. सगळे आकार भूमितीतले, त्यामुळे ती यंत्रावर पटापट निघेल असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक नग हातोडीने पत्रा ठोकून केलेला होता. त्याच वर्षी कार्ल युकर आणि विल्हेल्म वागेनफेल्ड यांचा टेबलदिवा त्याच कार्यशाळेत तयार झाला : दुधी काचेचा घुमट, खाली निकेलचा मुलामा दिलेले भाग. लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात तो नेला तेव्हा व्यापारी हसले, असे वागेनफेल्ड यांनी पुढे सांगितले आहे. दिसायला कारखान्यातला स्वस्त माल, आणि किंमत मात्र हाताने घडवलेल्या वस्तूची! यंत्राचे रूप आधी आले, यंत्र मागाहून आले. आजच्या बाजारातही ही विसंगती पुष्कळ ठिकाणी आढळते. साध्या दिसणाऱ्या वस्तूची किंमत पाहून गिऱ्हाईक चकित होते, कारण एखादी सरळ धार किंवा एकसंध पृष्ठभाग साधायला किती हात लागतात हे बाहेरून दिसत नाही.

काचेच्या बाबतीत हे कोडे फिनलंडमध्ये वेगळ्या रीतीने सुटले. कारहुला आणि इट्टाला या काच कारखान्यांनी १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी १९३६ मध्ये डिझाइनची स्पर्धा जाहीर केली. वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी पाठवलेल्या रेखाटनांना पहिले बक्षीस मिळाले. एस्किमो स्त्रीच्या कातडी विजारीवरून त्यांनी आपल्या प्रवेशिकेला नाव दिले होते. त्यातून निघालेली फुलदाणी वरून पाहिली तर कडा नागमोडी, कुठेच सममिती नाही, आणि बाजूने पाहिली तर उंची साधारण १४ सेंटिमीटर. हेलसिंकीत १९३७ मध्ये सुरू झालेल्या सवॉय उपाहारगृहाची अंतर्गत सजावट आल्वार आणि त्यांच्या पत्नी आइनो आल्टो यांनी केली. तिथे ही फुलदाणी मांडली गेली आणि ‘सवॉय’ हे नाव तिला कायमचे चिकटले.

हिची खरी गंमत ती तयार कशी होते यात आहे. भट्टीतून नळीच्या टोकावर घेतलेला सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाचा काचेचा गोळा साच्यात सोडायचा आणि तोंडाने फुंकायचा. फुंकलेली काच मुळात गोलच होऊ पाहते, म्हणून जगभरच्या फुंकीव भांड्यांची पोटे गोल असतात. इथे साचाच वेडावाकडा. फुगणारी काच कुठे अडते, कुठे वाट मिळेल तिथे पसरते, आणि त्या ओढाताणीत कडांची जाडी बदलत जाते. सुरुवातीचे साचे लाकडाचे होते. तप्त काचेने लाकूड आतून जळत जाई, आणि त्याच्या रेषांचा हलका ठसा काचेवर उमटे. लाकडी साचा लवकर झिजतो, म्हणून १९५४ पासून ओतीव लोखंडाचे साचे आले. पृष्ठभाग गुळगुळीत झाला, नग एकसारखे निघू लागले. जुन्या नगांना संग्राहक अधिक पैसे मोजतात याचे एक कारण ती लाकडाची लहर आहे. फुले मांडण्याच्या दृष्टीनेही हा नागमोडी आकार उपयोगाचा आहे. गोल तोंडाच्या फुलदाणीत दोन-चार दांडे ठेवले तर ते एकाच बाजूला कलंडतात. इथे प्रत्येक वळणात दांड्याला टेकायला वेगळी जागा मिळते, आणि मोजक्या फुलांतही भरगच्चपणा दिसतो.

आइनो आल्टो यांचे काम या प्रसिद्धीत झाकले गेले, ते खेदाचे आहे. कारहुला कारखान्याच्या १९३२ च्या स्पर्धेसाठी त्यांनी दाबीव काचेचे पेले आणि वाडगे केले. त्यांच्या अंगावर पाण्यातल्या वलयांसारख्या आडव्या कडा आहेत. त्या शोभेच्या वाटतात, पण दाबीव काचेत राहणारे बुडबुडे आणि डाग त्या कडांत लपतात, स्वस्त काच नेटकी दिसते आणि पेला ओल्या हातातून निसटत नाही. १९३६ च्या मिलान त्रैवार्षिकात या पेल्यांना सुवर्णपदक मिळाले. स्वस्त उत्पादनातला दोष पाहून त्यावर आकार बेतणे, हे काम नागमोडी फुलदाणीपेक्षा कमी प्रतीचे मुळीच नाही.

दिव्यांच्या बाबतीत विचार सुरू झाला तो एका त्रासातून. विजेचा दिवा घरोघर आला आणि रॉकेलच्या दिव्याचा मऊ उजेड गेला. उघड्या बल्बची तार डोळ्यांना टोचू लागली. डेन्मार्कचे पौल हेनिंगसेन (१८९४ ते १९६७) यांनी या एकाच प्रश्नावर आयुष्य घालवले म्हटले तरी चालेल. १९२५-२६ च्या सुमारास त्यांनी तीन छत्र्यांची रचना बसवली. एकाखाली एक अशा तीन छत्र्या, आणि प्रत्येकीची कमान लॉगॅरिदमिक सर्पिलाच्या वक्रावर बेतलेली. या वक्राचा गुण असा की मध्यबिंदूतून निघणारा किरण त्यावर कुठेही पडला तरी त्याच कोनात पडतो. त्यामुळे छत्रीचा एक भाग लखलखीत आणि दुसरा अंधारा असे होत नाही, प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो. बल्ब मात्र खोलीतल्या कोणत्याही नेहमीच्या जागेवरून दिसत नाही. कोपनहेगनची लुई पोल्सेन ही कंपनी हे दिवे अजून बनवते.

१९५८ मध्ये हेनिंगसेन यांनी आणखी दोन दिवे दिले. एक होता आर्टिचोक, कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हिलियन या उपाहारगृहासाठी केलेला. धातूची ७२ पाने १२ ओळींत अशी रचली आहेत की प्रत्येक ओळीची पाने वरच्या ओळीच्या फटी झाकतात. दुसरा ‘पीएच ५’. त्याच्या मुख्य छत्रीचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणून हे नाव. बल्ब करणाऱ्या कंपन्या आपल्या बल्बचे आकार सारखे बदलत, आणि त्या बदलाने जुन्या दिव्यांचे गणित बिघडे. हेनिंगसेन यांनी कोणताही बल्ब बसवला तरी डोळ्यावर चमक येणार नाही अशी छत्री बेतली. आतल्या छोट्या भागांना लाल आणि निळा रंग दिला. माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो, म्हणून त्यांनी दोन्ही टोकांचे रंग थोडे वाढवून उजेडाचा तोल साधला. साठ वर्षांनी पिवळे बल्ब जाऊन एलईडी आले तरी हा दिवा जुना झाला नाही, कारण तो विशिष्ट बल्बच्या आधारावर उभाच नव्हता.

जपानमध्ये प्रश्न वेगळा होता : जुना धंदा मरत होता. गिफू शहर कागदी कंदिलांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध. नागारा नदीवर रात्री पाणकावळ्यांच्या मदतीने मासेमारी चाले, तिथल्या होड्यांवरही हे कंदील लटकत. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदा खालावला, आणि स्वस्त शोभेचा माल करण्याकडे कल वाढला. १९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची हिरोशिमाकडे जात असताना गिफूत थांबले. जपानी कवी योने नोगुची यांचे ते पुत्र, आई अमेरिकन. शहराच्या महापौरांनी त्यांना या धंद्यासाठी काही करण्याची विनंती केली. नोगुची यांनी मेणबत्तीच्या जागी विजेचा बल्ब धरून नवे आकार काढले, आणि त्यांना ‘आकारी’ हे नाव दिले. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ओझेकी या पेढीने ते बनवायला घेतले, आणि आजही तीच बनवते.

त्यांची कृती महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच समजेल, कारण बांबूच्या कामट्या आणि कागद यांचा मेळ दिवाळीच्या आकाशकंदिलातही असतो. फरक बांधणीत आहे. गिफूत आधी लाकडी तुकडे जोडून साचा उभा करतात. त्यावर बांबूची बारीक काडी मळसूत्री गुंडाळत नेतात. मग तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला वाशी कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवतात. खळ वाळली की आतला लाकडी साचा सुटा करून तोंडातून काढून घेतात. उरते ती केवळ कागद आणि काडी, घडी घालून सपाट करता येईल अशी. सपाट वस्तू पेटीत मावते, पेटी जहाजावर सहज चढते. जुन्या कंदिलात हा गुण होताच. नोगुची यांनी त्यावर चित्रकाम किंवा सजावट लादली नाही, आकार तेवढे बदलले : लांब खांब, चपटी तबकडी, ठोकळा, वाकडे दगडी गोटे. शंभराहून अधिक आकार त्यांनी केले. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात अमेरिकेच्या दालनात आपल्या शिल्पांबरोबर त्यांनी आकारी दिवेही मांडले. शिल्प आणि घरातला दिवा यांत उच्चनीच मानायला त्यांनी नकार दिला, आणि ही भूमिका रास्त होती.

अमेरिकेत युद्ध संपल्यावर घरे वेगाने बांधली गेली आणि त्यांच्या भिंती मोकळ्या होत्या. डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयाने हॉवर्ड मिलर या घड्याळ कंपनीसाठी शंभराहून अधिक घड्याळे केली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध १९४९ च्या सुमाराचे ‘बॉल क्लॉक’ : पितळी बारा काड्या, प्रत्येकीच्या टोकाला लाकडी गोळा, आकडा एकही नाही. लोक वेळ आकडे वाचून सांगत नाहीत, काट्यांच्या जागेवरून ओळखतात, असे नेल्सन यांचे निरीक्षण. शिवाय मनगटावर घड्याळ आल्याने भिंतीवरचे घड्याळ आता मुख्यतः शोभेचे झाले आहे, हेही त्यांनी ओळखले. हे घड्याळ कोणी केले हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. नेल्सन स्वतः सांगत की एका रात्री नोगुची, बकमिन्स्टर फुलर आणि सहकारी अर्विंग हार्पर जमले होते, पेयपान झाले, आणि सकाळी कागदाच्या गुंडाळीवर ते रेखाटन सापडले. कार्यालयातली बहुतेक घड्याळे हार्पर यांच्या हातची होती हे आता सर्वमान्य आहे. खोक्यावर नाव होते नेल्सन यांचे.

नेल्सन यांच्याच कार्यालयातून १९५२ मध्ये निघालेला ‘बबल’ दिवा साधनसामग्रीकडे पाहण्याचा उत्तम धडा आहे. त्यांना रेशीम ताणून बसवलेला स्वीडनचा एक लटकता दिवा हवा होता आणि तो फार महाग होता. युद्धातली जहाजे बंदरात साठवून ठेवताना त्यांवर जाळीसारखे चिकटणारे प्लास्टिक फवारतात, असे छायाचित्र त्यांनी वर्तमानपत्रात पाहिले होते. तारांचा सांगाडा करून त्यावर तेच फवारले तर? तारा एकमेकींपासून दूर असूनही फवारलेले प्लास्टिक मधल्या जागेत पडद्यासारखे ताणले जाते. रेशमाची गरजच उरली नाही.

याच काळात चार्ल्स आणि रे ईम्स हे डिझायनर दाम्पत्य, तसेच डिझायनर अलेक्झांडर जिरार्ड यांनी घरसजावटीत एक नवी सवय रुजवली : नव्या, गुळगुळीत फर्निचरच्या शेजारी लोककलेच्या जुन्या वस्तू मांडायच्या. कॅलिफोर्नियातल्या ईम्स दाम्पत्याच्या घरात काळा लाकडी पक्षी होता, जो आज ‘हाउस बर्ड’ म्हणून विकला जातो. मुळात तो त्यांनी जमवलेल्या अमेरिकन लोककलेच्या वस्तूंपैकी एक. जिरार्ड यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय कापड आणि अलंकरणकलेचे प्रदर्शन मांडले. त्यांच्या संग्रहात जगभरच्या लोककलेच्या लाखाच्या वर वस्तू होत्या, आणि १९७८ मध्ये तो संग्रह त्यांनी सँटा फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाला दिला. कोऱ्या भिंतीसमोर एखादे मातीचे खेळणे किंवा रंगीत बाहुली मांडण्याची आजची जी पद्धत आहे, तिचे मूळ बरेचसे या तिघांच्या घरांत सापडते.

इटलीत वस्तूचा विनोदी आणि नाट्यमय अंश वर आला. अखिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी १९६२ मध्ये फ्लोस कंपनीसाठी ‘आर्को’ दिवा केला. जेवणाच्या टेबलावर प्रकाश हवा, पण छतात भोक पाडायचे नाही आणि टेबल हलवले तर दिवाही हलवता आला पाहिजे, अशी अट. रस्त्यावरचा दिवा खांबापासून दूरवर झुकतो, तसा पोलादी धनुष्याकृती दांडा त्यांनी घेतला. तो बैठकीपासून सुमारे दोन मीटर पुढे येतो, मागून माणूस ताटे घेऊन जाऊ शकतो. एवढ्या लांब दांड्याला तोल राखायला जड बैठक हवी, म्हणून कार्राराच्या संगमरवराचा सुमारे ६५ किलोंचा ठोकळा. ठोकळ्याला मधोमध आरपार भोक आहे. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते, पण त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचे हा तिचा उपयोग. कोपरे गोलसर तासले आहेत, घरात चालणाऱ्याच्या नडगीला लागू नयेत म्हणून. दिव्याच्या टोपीतली छिद्रे बल्बची उष्णता बाहेर जाऊ देतात. या दिव्याच्या असंख्य नकला झाल्या आणि काहींत ते भोक नसते. नक्कल करणारा आकार घेतो, त्यामागचे कारण तिथेच सोडून देतो, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

अलेस्सी ही कंपनी १९२१ मध्ये ओमेन्यात, ओर्ता सरोवराच्या काठी, पत्र्याची भांडी करणारी कार्यशाळा म्हणून सुरू झाली. तिसऱ्या पिढीतल्या अल्बेर्तो अलेस्सी यांनी १९७० पासून बाहेरच्या वास्तुविशारदांना बोलावण्याचा क्रम लावला. रिचर्ड सॅपर यांच्या १९८३ च्या किटलीची शिटी दोन स्वरांत वाजते. ती महाग होती. अमेरिकेतल्या सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी मायकेल ग्रेव्ह्ज यांना बोलावले गेले, आणि १९८५ मध्ये त्यांनी शंकूसारखी किटली केली. तिच्या चोचीवर लाल प्लास्टिकचा पक्षी वाफेने शीळ घालतो. तळ रुंद ठेवल्यामुळे पाणी लवकर उकळते आणि निळी मूठ हाताला भाजत नाही. १९९९ पासून ग्रेव्ह्ज यांनी टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीसाठी स्वस्त वस्तूंची मालिका केली, आणि डिझायनरचे नाव सामान्य घरात पोचले. स्वस्तात विकण्याचे हे धोरण लोकशाहीला धरून होते, आणि ग्रेव्ह्ज यांच्या सर्वांत खर्चिक कामांपेक्षा ते अधिक मोलाचे होते असे म्हणायला जागा आहे.

फिलिप स्टार्क यांनी अलेस्सीसाठीच केलेले १९९० चे ‘जुसी सालिफ’ हे लिंबू पिळण्याचे यंत्र मात्र वादाचे राहिले. तीन लांब पायांवर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा थेंबाकृती गड्डा, उंची २९ सेंटिमीटर. कापलेले लिंबू वर दाबून फिरवायचे, रस कडांवरून ओघळत खाली ठेवलेल्या पेल्यात टपकतो. बियांना गाळण नाही, त्याही पेल्यात जातात. हे यंत्र संभाषण सुरू करण्यासाठी आहे, लिंबू पिळण्यासाठी नाही, अशा आशयाचे विधान स्टार्क यांच्या नावावर आहे. अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी २००४ च्या ‘इमोशनल डिझाइन’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यालाच स्थान दिले. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्तीही निघाली. लिंबाच्या आम्लाने तो मुलामा बिघडतो, तेव्हा ती वस्तू फळीवरच ठेवायची. आनंद हाही वस्तूचा उपयोग आहे हे मान्य करूनही इथे एक रेषा ओलांडली गेली असे वाटते. आल्टोंची फुलदाणी किंवा आर्को दिवा यांतही आनंद आहेच, पण तो काम चोख झाल्यातून येतो.

या वस्तू लोकप्रिय झाल्या की नकलांचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. आर्को दिव्याची नक्कल चीनमधून आणून विकल्याबद्दल फ्लोस कंपनीने सेमेरारो या विक्रेत्याविरुद्ध खटला भरला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्या प्रकरणात निवाडा दिला की डिझाइनच्या नोंदणीची मुदत संपली, तरी ते मूळ निर्मिती ठरत असेल तर कॉपीराइटचे संरक्षण नाकारता येणार नाही. ब्रिटनमध्ये यंत्रावर बनणाऱ्या अशा वस्तूंना पूर्वी २५ वर्षांचे संरक्षण होते. २०१६ मध्ये ती तरतूद रद्द झाली आणि डिझायनरच्या मृत्यूनंतर ७० वर्षे असा नेहमीचा कालावधी लागू झाला. भारतात नियम अधिक आखूड आहे. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी झाली की १० वर्षे आणि अर्ज केल्यास आणखी ५, अशी एकूण १५ वर्षे. नोंदणीच केली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकाच्या परवानगीने त्या वस्तूचे ५० हून अधिक नग यंत्रावर निघाले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. छोट्या भारतीय डिझायनरला हे बहुतेक वेळा उशिरा कळते.

भारतात आधुनिक डिझाइनची शाळा उभी राहण्याआधीच तिचा पाया एका भांड्यावर घातला गेला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स देशभर फिरले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात सर्वाधिक आदराने उल्लेख आहे तो लोट्याचा, म्हणजे आपल्या तांब्याचा. तो डोक्यावर आणि कमरेवर कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा बदलतो, हाताला कसा लागतो, तापमान कसे राखतो, किंमत किती, मोडला तर त्याचे काय करता येते, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले आहेत. कोणा एका माणसाने तो घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवला, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, आणि मुंबईत पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर. त्याची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले होते.

तांब्या घडवणारे हात पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून आहेत. त्वष्टा कासार समाजाचे हे कारागीर पेशव्यांच्या काळात कोकणातून आले. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत खोलगट करायचा, ठोकल्याने धातू कडक होतो म्हणून मध्येमध्ये भट्टीत तापवून नरम करायचा, आणि शेवटी लखलखीत तोंडाच्या हातोडीने ओळीने बारीक ठोके घालायचे. याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांच्या या नक्षीने उजेड तुकड्यातुकड्यांत चमकतो आणि पत्र्याला ताठपणाही येतो. बंब, हंडे, घागरी ही त्यांची जुनी रोजी. स्टील आणि गीझर आल्यावर ती आटली. गेल्या काही वर्षांत डिझायनर आणि वारसासंवर्धन करणाऱ्या संस्था यांच्याबरोबर काम करून या आळीतून दिव्यांच्या छत्र्या, ट्रे, फुलदाण्या, पेले निघू लागले. हंड्याची जाडी आणि वजन दिव्याच्या छत्रीला चालत नाही, म्हणून पत्रा पातळ घ्यावा लागला, ठोके अधिक हलके झाले, आणि असे बदल ठोकणाऱ्यांनीच सुचवावे लागतात. हातोडीचा आवाज बदलला की पत्रा कडक झाला हे त्यांना कानाने कळते. कोणाच्याही रेखाटनात ते येत नाही. अशा वस्तूवर डिझायनरच्या नावाशेजारी कारागिराचे नावही छापावे, ही अपेक्षा माफक आहे.

विकत घेताना काय पाहावे हेही साहित्यावरूनच ठरते. फुंकलेल्या काचेच्या तळाला नळी तोडल्याची खूण घासून काढलेली दिसते. दाबीव काचेवर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ असते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमवर आम्लाचे डाग पडतात, संगमरवरावर लिंबू, चिंच आणि हळद यांचे, आणि ते सहज निघत नाहीत. तांबे हवेत काळवंडते. चिंच-मीठ लावून ते पुन्हा उजळते, पण लाखेचा किंवा रसायनाचा थर दिलेल्या शोभेच्या वस्तूला चिंच लावू नये, कारण थर ठिकठिकाणी उडून वस्तू चट्टेदार दिसते. कागदी दिव्याला कोकणातला आणि मुंबईचा पावसाळा मानवत नाही. कागद ओल धरतो, खळीला बुरशी लागते, म्हणून चार महिने तो खिडकीपासून लांब किंवा घडी करून कोरड्या पेटीत ठेवावा. दिवा घेताना बल्ब बदलता येतो की एलईडी आतच कायमची बसवली आहे, हे विचारणे आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारात पट्टी गेली की बहुधा सगळा दिवाच टाकावा लागतो. आकारीची कागदी छत्री फाटली तर ती मात्र नवी मिळते, आणि छत्री ताणून धरणारी जुनी तारेची चौकट तशीच वापरता येते.